दुर्गाबाईंचा दुसरा विवाह

(नभोवाणीवरील भाषण)

हैदराबादेत विद्यानगरच्या रस्त्याने उस्मानिया विद्यापीठाकडे जाताना एका रुग्णालयावर ‘दुर्गाबाई देशमुख’ हे नाव वाचावयास मिळते. महाराष्ट्रातून नव्यानेच आलेला मनुष्य ते वाचून क्षणभर थांबतो आणि सोबतच्यास विचारतो, “या आपल्याकडच्या कोण?” त्यास सांगावे लागते की, दुर्गाबाई जन्माने तेलुगू, राजमहेंद्रीच्या. नावातील ‘बाई’ मराठी वाटली तरी ती त्यांच्या माहेरचीच आहे. ‘देशमुख’ मात्र खरोखरच आपले, रायगडाच्या पायथ्याकडील नाते या गावचे. हे दोन शब्द एकमेकांशेजारी येण्यापूर्वी दुर्गाबाईंच्या आयुष्यात एक विवाह होऊन मोडला होता, आणि त्यानंतर सुमारे पाव शतक लोटले होते. त्या पाव शतकाची आणि त्यानंतरच्या संसाराची हकीकत आज सांगावयाची आहे.

ही हकीकत सांगण्यास एक निमित्त घडले. मी शाळेत शिकविते. काही दिवसांपूर्वी माझ्या वर्गातील एका मुलीची आई शाळा सुटल्यावर मला भेटावयास आली. नवऱ्याच्या मारझोडीस कंटाळून ती लहानग्या मुलीसह घराबाहेर पडली, त्यास आता नऊ वर्षे झाली. न्यायालयातून मोकळीक मिळाली, शिवणकाम शिकून ती स्वतःच्या पायांवर उभी राहिली. आता एका विधुर गृहस्थाने तिला लग्नाविषयी विचारले आहे. माणूस भला दिसतो. परंतु तिने मला विचारले, “टीचर, पहिलाही आधी भलाच दिसत होता. पुन्हा विश्वास ठेवावा का? आणि ठेवावा तर कशावरून?” मला चटकन उत्तर सुचले नाही. इतिहास शिकविणाऱ्यास उत्तर सुचले नाही म्हणजे तो मागे वळून पाहतो. मीही तेच केले.

दुर्गाबाईंचा जन्म १५ जुलै १९०९ चा. वयाच्या आठव्या वर्षी नात्यातीलच एका मुलाशी त्यांचे लग्न लावून देण्यात आले. त्या काळी यात कोणालाही काही वावगे वाटले नाही. बालविवाहास आळा घालणारा सारडा कायदा व्हावयास अद्याप बारा वर्षे अवकाश होता. परंतु ही मुलगी वयात आली तेव्हा तिने स्पष्ट सांगितले की, मला या घरी नांदावयाचे नाही, मला शिकावयाचे आहे आणि देशकार्य करावयाचे आहे. नवल हे की वडिलांनी तिला दटावले नाही. वडील व भाऊ दोघेही तिच्या पाठीशी उभे राहिले. पतीने पुढे दुसरे लग्न केले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. दुर्गाबाईंचा पहिला पती दुष्ट होता असे कोठेही नमूद नाही, आणि त्याच्यावर तसा आळ घेणे अन्यायाचे होईल. अन्याय होता तो आठ वर्षांच्या मुलीस न विचारता जन्माची गाठ मारण्यात. त्या गाठीत दोघेही अडकले होते. तथापि दोघांची स्थिती सारखी नव्हती. बहुतेक ठिकाणी हिंदू पुरुषास पहिली पत्नी हयात असता दुसरी करण्याची मुभा होती. स्त्रीस मात्र पहिल्या बंधनातून सुटण्याचा मार्ग कायद्याने दिलेलाच नव्हता. मुंबई प्रांतात हिंदूंना घटस्फोट देणारा कायदा १९४७ मध्ये झाला, मद्रासेत १९४९ मध्ये, आणि सर्व देशासाठी हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये. तोवर घर सोडलेली स्त्री ना सवाष्ण, ना विधवा, ना कुमारिका, अशी अधांतरी राही.

मराठी वाचकांस या अधांतरी अवस्थेची सर्वांत मोठी साक्ष ठाऊक आहे. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्यांनी नांदावयास जाण्याचे नाकारले, तेव्हा १८८४ मध्ये दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. परंतु अपिलानंतर खटला पुन्हा उभा राहिला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आज्ञा केली की, नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या तरुणीने तुरुंग पत्करण्याची तयारी दर्शविली. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. रखमाबाई विलायतेस गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी स्त्रियांची सेवा केली. पण त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. दादाजी १९०४ मध्ये वारले, तेव्हा ज्याच्याशी एक दिवसही संसार केला नव्हता त्याच्यासाठी त्यांनी वैधव्याची शुभ्र वस्त्रे धारण केली. हिंदू विवाह कायदा अमलात आला त्याच १९५५ सालच्या सप्टेंबरात रखमाबाईंनी देह ठेवला. त्यांना दार उघडून मिळाले नाही. त्यांनी दार ठोठावले, आणि ते पुढच्यांसाठी उघडले.

आम्हां ख्रिस्ती लोकांत स्थिती बरी होती असेही कोणी समजू नये. आमच्यासाठी घटस्फोटाचा कायदा १८६९ पासून होता. परंतु त्यात पतीस पत्नीचा व्यभिचार सिद्ध केला म्हणजे पुरे होई, तर पत्नीस बहुधा व्यभिचार आणि शिवाय क्रौर्य किंवा परित्याग अशी दोन्ही सिद्ध करावी लागत. नुसती मारहाण सोसणे हे मुक्त होण्यास पुरेसे कारण नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये हा भेद घटनेविरुद्ध ठरविला आणि २००१ मध्ये संसदेने कायदाच बदलला. आमच्या कॅथलिक धर्मसंस्थेत विवाह अभंग मानला जातो, हे खरे. परंतु जोडीदाराकडून देहास वा आत्म्यास गंभीर धोका असेल तर विभक्त राहण्यास धर्मसंस्थेच्या कायद्याचीही संमती आहे. आणि दुर्बळ जोडीदारास व मुलांना हिंसेपासून वाचविण्यासाठी वेगळे होणे हे कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मधील आपल्या लेखात स्वच्छ म्हटले आहे. सोसणे हा सद्गुण आहे. पण मार खाणे म्हणजे सोसणे नव्हे, हे आम्हांला शिकावयास फार वेळ लागला.

आता पुन्हा दुर्गाबाईंकडे येऊ. घर न स्वीकारलेल्या या मुलीने पुढे केले काय? ती घरात तोंड लपवून बसली नाही. गांधीजी १९२१ मध्ये काकिनाड्यास आले, तेव्हा ती जेमतेम अकरा-बारा वर्षांची होती. देवदासी आणि पडद्यातील मुसलमान स्त्रिया यांची गांधीजींशी भेट व्हावी, असे तिच्या मनात आले. त्यासाठी गांधीजींच्या निधीस पाच हजार रुपयांची थैली द्यावी लागेल, असे तिला सांगण्यात आले. तिने त्या स्त्रियांकडूनच ती जमविली, भेट घडविली आणि गांधीजींचे भाषण तेलुगूत समजावून दिले. दोन वर्षांनी काकिनाड्याच्या काँग्रेस अधिवेशनातील खादी प्रदर्शनात ती स्वयंसेविका होती. तिकिटावाचून आत निघालेल्या जवाहरलाल नेहरूंना तिने दारातच अडविले, आणि तिकीट आणल्यावरच आत सोडले. नेहरूंनी रागावण्याऐवजी तिचे कौतुक केले. या प्रसंगाची आठवण ठेवावी. पुढे ती उपयोगी पडणार आहे.

मिठाच्या सत्याग्रहानंतर १९३० ते १९३३ या काळात दुर्गाबाईंना तीन वेळा कारावास घडला. मदुरेच्या तुरुंगात त्यांनी एक वेगळेच जग पाहिले. खुनाच्या आरोपाखाली शिक्षा भोगणाऱ्या निरक्षर स्त्रिया तेथे होत्या. आपल्यावर आरोप कोणता, बचाव काय करता आला असता, हेही त्यांतील कित्येकींना उमगले नव्हते. आपण कायदा शिकावयाचा आणि अशा स्त्रियांची बाजू मांडावयाची, हा निश्चय दुर्गाबाईंनी तेथे केला. तुरुंगाबाहेर आल्यावर वयाची पंचविशी गाठत असताना त्या मॅट्रिकच्या अभ्यासास बसल्या. पुढे आंध्र विद्यापीठाची पदवी, राज्यशास्त्रात एम. ए., आणि १९४२ मध्ये मद्रासेत कायद्याची पदवी. दरम्यान १९३७ च्या सुमारास मद्रासेत त्यांनी आंध्र महिला सभेचा पाया घातला. त्या १९४६ मध्ये घटना परिषदेवर निवडून गेल्या, आणि परिषदेच्या अध्यक्षमंडळात त्या एकमेव स्त्री होत्या.

श्रोतेहो, या साऱ्या पायऱ्या मी मुद्दाम मोजून सांगितल्या. पहिला विवाह सोडल्यापासून दुसरा होईपर्यंत जो काळ गेला, तो दुर्गाबाईंनी कोणाची वाट पाहण्यात घालविला नाही. तुटलेल्या घरातून निघून कोणी तरी हात धरून नेईल तेथे जावे, असे त्यांनी केले नाही. बुडणारा मनुष्य हाताशी येईल ते लाकूड धरतो; ते कुजके आहे की पक्के, हे पाहण्याइतकी त्यास उसंत नसते. काठावर उभा असलेला मनुष्य मात्र नावेची पारख करू शकतो. दुर्गाबाई काठावर येऊन उभ्या होत्या, आणि मग त्यांनी नाव निवडली.

ती निवड कोणाची? चिंतामणराव द्वारकानाथ देशमुख हे नाव मराठी माणसास नव्याने सांगावयास नको. जन्म १४ जानेवारी १८९६ चा. मॅट्रिकमध्ये १९१२ साली पहिले आणि संस्कृतच्या जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी, आय. सी. एस. च्या परीक्षेत १९१८ मध्ये पुन्हा पहिले; रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर; १९५० पासून भारताचे अर्थमंत्री. हे सर्व आपण अभिमानाने सांगतो. त्यांचे घर मात्र रिकामे झाले होते, हे फारसे कोणी सांगत नाही. रोझिना या इंग्रज युवतीशी त्यांनी तरुणपणी विवाह केला होता. त्यांना एक कन्या होती. रोझिनाबाई १९४९ मध्ये निवर्तल्या.

दुर्गाबाई १९५२ च्या निवडणुकीत पराभूत झाल्या आणि त्यानंतर योजना आयोगावर सदस्य म्हणून आल्या. अर्थमंत्री या नात्याने चिंतामणराव तेथे होतेच. कागदपत्रे, आकडे, मतभेद आणि चर्चा यांतून दोघांची ओळख वाढली. एकमेकांचा स्वभाव त्यांनी आधी कामात पाहिला. मनुष्य आपल्या विरुद्ध मत ऐकताना कसा वागतो, हे पाहण्यास सरकारी बैठकीसारखी जागा नाही! अशा बैठकांत भेटलेली ही दोन माणसे २२ जानेवारी १९५३ रोजी दिल्लीत विवाहबद्ध झाली. दुर्गाबाई त्रेचाळीस वर्षांच्या, चिंतामणराव सत्तावन्न वर्षांचे. तीन साक्षीदारांपैकी एक होते पंतप्रधान जवाहरलाल नेहरू. तीस वर्षांपूर्वी ज्यांना तिकिटासाठी दारात अडविले होते, त्यांनीच या नव्या दाराशी साक्षीची सही केली.

हा संसार कसा होता, हे आपण बाहेरच्यांनी कसे ठरवावे? बंद दाराआडचे सुख आणि दुःख तिसऱ्यास दिसत नाही. परंतु काही खुणा उघड आहेत, आणि त्या पारखून पाहता येतात.

पहिली खूण म्हणजे, पत्नीचे काम थांबले नाही, उलट वाढले. विवाहाच्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि दुर्गाबाई त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. त्याच वर्षी त्या चीनला जाऊन आल्या, आणि कौटुंबिक तंट्यांसाठी स्वतंत्र न्यायालये असावीत, असा आग्रह धरू लागल्या. न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्याशीही त्यांनी याविषयी चर्चा केली. कुटुंब न्यायालयांचा कायदा प्रत्यक्षात १९८४ मध्ये झाला. तो पाहावयास त्या राहिल्या नव्हत्या. समाजकल्याण मंडळामार्फत १९५८ मध्ये त्यांनी प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले. विधवा, परित्यक्ता आणि गरजू स्त्रियांनी दोनेक वर्षांत शालेय परीक्षा द्यावी आणि परिचारिका, शिक्षिका, ग्रामसेविका म्हणून उभे राहावे, अशी ती योजना होती. शिक्षिका म्हणून मला ही योजना फार मोलाची वाटते. स्वतःस काठावर येण्यास लागलेली वर्षे दुसरीची कमी व्हावीत, ही तीमागील कळकळ आहे. दुर्गाबाईंना वडिलांचा आधार लाभला होता. जिला तो नाही तिचे वडील कोणी व्हावे? हे अभ्यासक्रम हे त्यांनी दिलेले एक उत्तर होते.

दुसरी खूण म्हणजे, पूर्वायुष्य लपवावे लागले नाही. दुर्गाबाईंचे पहिले पती १९४१ मध्ये वारले होते. त्यांची मागे राहिलेली पत्नी निराधार झाली, तेव्हा दुर्गाबाईंनी तिला जवळ केले आणि एखादा व्यवसाय शिकून ती स्वावलंबी व्हावी अशी व्यवस्था केली. ज्या घराचा उंबरठा आपण ओलांडला नाही, त्या घरातील दुसरीस त्यांनी सवत मानले नाही. मागील जखम भरली आहे की नाही, हे ओळखण्याची याहून चांगली कसोटी मला ठाऊक नाही.

तिसरी खूण मला सर्वांत बोलकी वाटते. आपल्याकडे वधू वराच्या घरी जाते. चिंतामणरावांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि मराठी माणसाच्या हृदयात कायमचे स्थान मिळविले. त्याच वर्षी हैदराबाद संस्थानाचे विभाजन होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला. पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि १९६२ ते १९६७ या काळात दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. यानंतर त्यांना मुंबईत वा पुण्यात सन्मानाने राहता आले असते. परंतु उतारवयात हा मराठी पुरुष आपल्या पत्नीच्या कार्यभूमीत, या तेलुगू नगरीत येऊन राहिला. येथे आंध्र महिला सभेचे काम विस्तारत होते. १९७१ मध्ये साक्षरता भवन उभे राहिले. ज्याच्या सहीच्या नोटा अवघ्या देशाने वापरल्या, त्याला पत्नीच्या गावी तिचा पती म्हणून राहण्यात कमीपणा वाटला नाही. प्रेमात मोठेपणाची वाटणी होत नसते. ते दोघांचेही वाढते. पद्मविभूषण हा सन्मान या दोघांना एकाच वर्षी, १९७५ मध्ये मिळाला.

दुर्गाबाईंनी १९८० मध्ये आपल्या आठवणींचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावाचा अर्थ ‘चिंतामण आणि मी’ असा आहे. आत्मचरित्राच्या नावात पतीचे नाव आधी येते, परंतु ‘मी’ पुसला जात नाही. मध्ये एक साधे ‘आणि’ आहे. पुढच्याच वर्षी दुर्गाबाई गेल्या. चिंतामणराव त्यानंतर फार काळ राहिले नाहीत. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादेतच त्यांचे देहावसान झाले.

कोणी म्हणेल, ही मोठ्या माणसांची कथा; शिवणयंत्रावर पोट भरणाऱ्या बाईस तिचा काय उपयोग? आक्षेप रास्त आहे. दुर्गाबाईंनी मार खाल्ला नव्हता, त्यांच्या कडेवर मूल नव्हते. मार खाऊन आलेल्या स्त्रीच्या मनात भीती घर करून असते. कोणी आवाज चढविला तरी तिचे हात थरथरतात. ती भीती एका गोष्टीने जात नाही. तिच्यासाठी आता २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. तो तिला संरक्षण मागण्याचा आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो. कायदा दार उघडतो. दाराबाहेर पाऊल टाकल्यावर चालावयास शिकविणारे कोणी तरी लागते. ते काम शेजाराचे, माहेराचे आणि शाळेचेही आहे. अशा स्त्रीस आपण दोन टोकांचे उपदेश करतो. एक म्हणतो, “झाले गेले विसर, पटकन दुसरे लग्न कर, बाईमाणसाला आधार हवा.” दुसरा म्हणतो, “आता पुरुषाचे नाव काढू नकोस.” पहिल्यात तिच्या जखमेची घाई आहे, दुसऱ्यात तिला जन्माची शिक्षा आहे. अपराध तिने केलेला नसताना शिक्षा तिने का भोगावी?

म्हणून त्या मातेस मी दुर्गाबाईंची गोष्ट सांगितली, आणि तीवरून चार प्रश्न लिहून दिले. हा मनुष्य तुझे काम थांबवू पाहतो की त्यास जागा देतो? तुझे पूर्वायुष्य तू त्याला निर्भयपणे सांगू शकतेस का? तू ‘नाही’ म्हटलेस तर तो कसा वागतो? आणि त्याच्यावाचूनही तुझे चालेल, असे तुला आज वाटते का? चौथ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेल, तरच पहिल्या तिन्हींची उत्तरे तुला स्वच्छ दिसतील.

ती परवा पुन्हा भेटली. तिने त्या गृहस्थास सारे काही सांगितले आहे, मुलीच्या देखत. मुलीची दहावी होईपर्यंत मी उत्तर देणार नाही, असेही सांगितले आहे. त्यावर तो काय म्हणाला, असे मी विचारले. ती म्हणाली, “थांबतो म्हणाला. आणि थांबलाय, टीचर.” एवढे सांगून ती मुलीचे दप्तर उचलून निघून गेली. तिचे उत्तर काय येईल, ते मला ठाऊक नाही. ते होय असो वा नाही, ते तिचे स्वतःचे असेल. आठ वर्षांच्या दुर्गेस जे कोणी विचारले नव्हते, ते आज तिला कोणी तरी विचारले आहे, आणि उत्तरासाठी तो थांबला आहे.